साच्यातच होणारी जुळणी

मोटारीच्या डॅशबोर्डवर वारा येण्यासाठी एक लहानशी जाळी असते, ती तुम्ही पाहिली असेल. जाळीत चार-पाच आडव्या पट्ट्या असतात. बोटाने त्या वर-खाली केल्या की वाऱ्याची दिशा बदलते. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना बारीक खुंट्या असतात आणि त्या चौकटीच्या भोकांत फिरतात. या खुंट्या भोकांत कोणी बसवल्या असतील?

बहुतेक वेळा चौकट व पट्ट्या वेगवेगळ्या तयार होतात. मग कामगार किंवा यंत्र एकेक पट्टी दाबून भोकांत बसवते. या कामाला जुळणी म्हणतात. परंतु आणखी एक पद्धत आहे. तिच्यात जाळी साच्यातून बाहेर पडते तीच जुळलेली. तिच्या पट्ट्या लगेच हलू लागतात. हे कसे घडते ते समजून घेऊ.

'साचा' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत आपण 'सांचा' म्हणतो. कुल्फीवाल्याचा साचा असतो, तसाच प्लास्टिकचाही असतो. मात्र तो पोलादाचा आणि फार वजनदार असतो. प्लास्टिकचे दाणे यंत्राच्या तापलेल्या नळीत वितळतात. नळीतील मोठा स्क्रू हा पातळ रस जोराने साच्यात ढकलतो. साच्याच्या पोलादातून पाणी खेळवलेले असते, त्यामुळे रस लवकर थिजतो. मग साचा उघडतो आणि वस्तू बाहेर पडते. वितळलेले प्लास्टिक साच्यात ढकलणाऱ्या यंत्राचा पहिला नमुना अमेरिकेतील हायट बंधूंनी १८७२ साली केला.

आता साच्यातच जुळणी करायची तर एका साच्यात दोन प्रकारचे प्लास्टिक सोडावे लागते. मुदखेड स्थानकात आदिलाबादकडची आणि निजामाबादकडची अशा दोन वाटा येऊन मिळतात. तसेच या यंत्रात दोन नळ्या एकाच साच्याला येऊन मिळतात. पहिल्या नळीतून नायलॉन येते आणि त्याची चौकट तयार होते. चौकट घट्ट झाल्यावर साच्याचा एक भाग मागे सरकतो व पट्ट्यांसाठी जागा मोकळी होते. या जागेत दुसऱ्या नळीतून ॲसिटल नावाचे प्लास्टिक येते. ते चौकटीच्या भोकांतही शिरते. तिथेच त्याच्या खुंट्या बनतात.

इथे तुमच्या मनात दोन शंका येतील. पहिली शंका अशी की, गरम रसाने आधीची चौकट वितळणार नाही का? नाही. या कामी वापरलेले नायलॉन सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते. ॲसिटल सुमारे १७५ अंशांना वितळते आणि ते साधारण २०० अंशांवर साच्यात सोडतात. म्हणून अधिक उष्णता सोसणारे प्लास्टिक आधी आणि कमी उष्णतेत वितळणारे नंतर, असा क्रम ठेवतात.

दुसरी शंका अशी की, दोन्ही प्लास्टिके एकमेकांना चिकटणार नाहीत का? सगळीच प्लास्टिके एकमेकांना चिकटत नाहीत. नायलॉन आणि ॲसिटल यांचे जमत नाही, म्हणूनच त्यांची जोडी निवडतात.

तरीही खुंटी फिरायची तर तिच्याभोवती थोडी फट हवी. ही फट कोण पाडते? थंड होणारे प्लास्टिक स्वतःच पाडते. वितळलेला पदार्थ थिजताना आखडतो. ॲसिटल साधारण दोन टक्के आखडते. म्हणजे ५ मिलिमीटर जाडीच्या खुंटीची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटरने कमी होते. ही फट जवळजवळ वहीच्या एका कागदाएवढी असते. चौकट आधीच आखडून झालेली असल्याने तिचे भोक तेवढेच राहते.

वाळलेली भुईमुगाची शेंग कानाजवळ हलवून पाहा. ओल्या शेंगेत दाणा टरफलाला टेकून असतो. वाळला की तो आखडतो आणि खुळखुळ वाजतो. खुंटीचेही तसेच आहे. आतली वस्तू आखडली तर ती सैल होते. बाहेरची वस्तू आखडली तर मात्र उलट होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. थंड होताना ती आखडते आणि चाकाला घट्ट आवळते. म्हणून आधी खुंटी करून तिच्यावर भोक घडवले, तर ते भोक खुंटीला आवळून धरील आणि पट्टी अडकेल. आधी काय करायचे, यावर सगळे अवलंबून असते.

साचा बनवणाऱ्याला फार विचार करावा लागतो. पट्टी ६० मिलिमीटर लांब असेल, तर लांबीतही ती एक मिलिमीटरहून अधिक आखडते. खुंट्या आखूड ठेवल्या तर त्या भोकांतून निसटतील. फट जास्त झाली तर खराब रस्त्यावर जाळी खडखड वाजेल, कमी झाली तर पट्टी हलणार नाही. पोलाद एकदा कापले की चूक सुधारणे महाग पडते.

या पद्धतीचा एक तोटाही आहे. जुनी जाळी मोडीत काढताना दोन प्लास्टिके वेगळी करणे कठीण जाते. शिवाय जुळणी करणाऱ्या हातांचे काम कमी होते. पण साचा घडवणाऱ्या, मोजमाप घेणाऱ्या आणि यंत्र चालवणाऱ्या हातांची गरज वाढते. हे काम शिकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मुदखेडहून नांदेड, परभणी, जालना या मार्गाने रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, जाता येते. तेथे वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसपास वाहनांचे सुटे भाग करणारे कारखाने उभे राहिले. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावी झालेल्या मुलामुलींना साचे बनवण्याचा पदविका अभ्यासक्रम शिकता येतो. गणित आणि विज्ञान नीट समजून घेतलेल्या विद्यार्थ्याला तिथे वाव आहे. ०.१ मिलिमीटरचा हिशेब ज्याला जमतो, त्याच्याच साच्यातून न अडकणारी पट्टी बाहेर पडते.