तांबड्या पोवळ्यातील जनुकीय भिन्नता

तांबडे पोवळे, शास्त्रीय नाव कोरॅलियम रुब्रम, हे मुख्यतः भूमध्य समुद्रात व लगतच्या अटलांटिक महासागरात आढळणारे अष्टभुज प्रवाळ आहे. भारतात नवरत्नांत गणले जाणारे पोवळे पूर्वापार प्रामुख्याने याच प्रजातीपासून मिळत आले आहे. प्रजाती एकच असली तरी तिच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या समूहांत लक्षणीय जनुकीय फरक आढळतात.

जीवनक्रम
मृदू प्रवाळांप्रमाणेच याच्या प्रत्येक पॉलिपला आठ पिसांसारखे संस्पर्शक असतात. गाभ्यात मात्र कॅल्शियम कार्बोनेटचा कठीण अक्ष असतो. नर व मादी वसाहती सामान्यतः स्वतंत्र असतात. फलन मादी वसाहतीच्या आत होते आणि उन्हाळ्यात डिंभ बाहेर पडतात. खडकावर रुजलेली वसाहत जागा सोडत नाही. त्यामुळे दोन समूहांतील जनुकांची देवाणघेवाण केवळ डिंभ व पाण्यात सोडलेले शुक्राणू यांच्यामार्फत होते.

भिन्नतेचे स्वरूप व कारणे
डीएनएमधील काही लहान क्रम लागोपाठ अनेकदा येतात. त्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. आवर्तनांची संख्या वसाहतीगणिक बदलत असल्याने त्यांवरून समूहांची तुलना करता येते. अशा अभ्यासांत अवघ्या काही दहा मीटर अंतरावरील समूहांतही फरक आढळले आहेत. बहुतेक डिंभ जनक वसाहतीच्या जवळपासच स्थिरावतात, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. लहान व अलग पडलेल्या समूहात काही जनुकरूपे केवळ योगायोगाने वाढतात, तर काही नाहीशी होतात. यास जनुकीय विचलन म्हणतात. काही ठिकाणी उथळ व खोल पाण्यातील समूहही परस्परांहून भिन्न आढळले आहेत.

संवर्धनातील महत्त्व
१९९९ व २००३ मधील उष्णतेच्या लाटांत वायव्य भूमध्य समुद्रातील उथळ पाण्यातील अनेक वसाहती मृत्युमुखी पडल्या. दागिन्यांसाठी होणारी तोड हा दुसरा मोठा धोका आहे. पोवळ्याची वाढ अत्यंत मंद असते. बुंध्याचा व्यास वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. २०११ मध्ये भूमध्य समुद्राच्या मत्स्यव्यवसाय आयोगाने ५० मीटरपेक्षा उथळ पाण्यातील तोडीस मनाई केली. मात्र खोलवरचे पोवळे सुरक्षित राहिले म्हणजे उथळ भागातील हानी आपोआप भरून निघेल, असे जनुकीय भिन्नतेमुळे गृहीत धरता येत नाही. एखादा स्थानिक समूह नष्ट झाल्यास दूरवरून डिंभ येऊन तो लवकर पुन्हा उभा राहण्याची शक्यता कमी असते. शिवाय त्याच्यापुरती असलेली जनुकरूपे कायमची लोप पावू शकतात. म्हणून प्रजातीच्या एकूण संख्येबरोबरच प्रत्येक समूहाचे स्वतंत्र संरक्षण आवश्यक ठरते.