मुद्दाम पडका ठेवलेला किल्ला

संपादकांना इंग्लंडमधल्या खंदकाच्या एखाद्या किल्ल्यावर लेख हवा होता. अशा वेळी बहुतेक जण बोडियम निवडतात, कारण तो फोटोत देखणा येतो. मी त्याच्या जवळचाच स्कॉटनी निवडला, तो एका कोड्यापायी. किल्ले पडतात ते लढाईने, हेळसांडीने, नाहीतर गावकऱ्यांनी दगड उचलून नेल्यामुळे. स्कॉटनीचा मोठा भाग मालकाने स्वतःच पाडला, आणि तोही किल्ला अधिक सुंदर दिसावा म्हणून!

लंडनच्या आग्नेयेला, केंट आणि ससेक्सच्या सीमेवर, लॅम्बरहर्स्ट गावाजवळ हे ठिकाण आहे. बेवल नावाच्या छोट्या नदीच्या पाण्याने खंदक भरलेला असतो. 1377 मध्ये फ्रेंचांनी जवळचं राय बंदर जाळलं आणि किनाऱ्यालगतचे जमीनदार धास्तावले. रॉजर ॲशबर्नहॅमने 1378 ते 1380च्या सुमारास हा किल्ला बांधला. कोपऱ्यांवरच्या चार बुरुजांपैकी आज एकच उभा आहे. त्याच्या माथ्याशी बाहेर काढलेला कठडा आहे, आणि कठड्याच्या तळाला खालच्या शत्रूवर दगड टाकण्यासाठी फटी आहेत. वरचं निमुळतं कौलारू छप्पर पुढच्या काळातलं. एकूण पसारा बेताचाच. राजेरजवाड्यांच्या किल्ल्यापेक्षा आपल्याकडच्या गढीशी त्याचं नातं जवळचं.

पुढे सुमारे साडेतीनशे वर्षं तो डॅरेल घराण्याकडे होता. घराणं कॅथलिक, आणि एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरूला आसरा देणं म्हणजे फाशीशी गाठ. तरीही रिचर्ड ब्लाउंट हा जेझुइट धर्मगुरू 1591 ते 1598 इथे लपून राहिला. 1598च्या नाताळात झडती आली, तेव्हा तो आणि त्याचा सेवक भिंतीतल्या चोरजागेत शिरले. पण कमरपट्ट्याचं टोक दगडी दाराबाहेर लटकत राहिलं. घरच्या बाईंच्या ते नजरेस पडलं. त्यांनी ते कापलं, उरलेला तुकडा आत ओढून घ्यायला हलक्या आवाजात सांगितलं, आणि नेमकं तेच शिपायांच्या कानावर गेलं. भिंत ठोकून पाहणं सुरू झालं. तेवढ्यात धो धो पाऊस आला आणि त्यांनी काम सकाळवर टाकलं. रात्री दोघे चोरजागेतून बाहेर पडले. सेवकाने तबेल्यात चोर शिरल्याची बोंब ठोकली, शिपाई तिकडे धावले, आणि ब्लाउंट खंदकात उडी टाकून पोहत निसटला. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी खणलेल्या खंदकाचा पुराव्याने सांगता येणारा एवढाच पराक्रम मला सापडला, आणि तो आतल्या माणसाला बाहेर पोचवण्याचा.

1778 मध्ये एडवर्ड हसी याने मालमत्ता विकत घेतली. किल्ला पाडणारा मालक म्हणजे त्याचा नातू, नाव तेच. आजोबा आणि वडील लागोपाठ गेले. पाण्यातल्या त्या घराची हवाच बाधते, असं आईच्या मनाने घेतलं आणि मुलाला घेऊन ती समुद्रकाठच्या सेंट लेनर्ड्सला राहायला गेली. मोठा होऊन परतलेल्या मुलाने 1837 ते 1843 या काळात वरच्या उतारावर नवं घर बांधलं. वास्तुकार होता अँथनी साल्विन, आणि परिसराच्या आखणीसाठी सल्ला होता विल्यम सॉरी गिल्पिनचा.

इथे मी सर्वांत जास्त रेंगाळलो. नव्या घराचा वालुकाश्म त्याच उतारावरून काढला. त्यातून घराच्या पायथ्याशी जी खाण पडली, ती बुजवली नाही. तिथेच झाडं लावून बाग केली. खाणीच्या दगडात इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या पावलाचा ठसाही आहे. घरातून नजर निघते, खाणीवरून, झाडांमधून खाली उतरते आणि जुन्या बुरुजाशी थांबते. नजर नीट थांबावी म्हणून हसीने किल्ल्यातली सतराव्या शतकातली बाजू अर्धवट पाडून घेतली. मागे उरल्या रिकाम्या खिडक्या आणि मोकळे कोपरे. दुसऱ्या बाजूला मात्र छप्पर शाबूत राहिलं, कारण तिथे 1905पर्यंत इस्टेटीचा कारभारी राहत होता. म्हणजे मालकाला ज्या जागेची हवा बाधली, ती कारभाऱ्याला चालली! हसीची नजर मला थक्क करते. हा हिशेब मात्र खटकतो.

त्याचा नातू ख्रिस्तोफर हसी वास्तुकलेचा इतिहासकार झाला आणि 1927 मध्ये त्याने याच सौंदर्यदृष्टीवर ‘द पिक्चरेस्क’ हे पुस्तक लिहिलं. 1970 मध्ये तो गेला आणि इस्टेट नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली. नव्या घरात मार्गारेट थॅचर यांनी काही वर्षं भाड्याने जागा घेतली होती. ख्रिस्तोफरची पत्नी 2006पर्यंत तिथेच राहिली. 2007 मध्ये घर लोकांसाठी उघडलं.

पडका किल्ला सांभाळणं हे धड घर सांभाळण्यापेक्षा किचकट काम. छप्पर नसलेल्या भिंतीत पाणी वरून मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि सांधे उकलतं. सांधे सिमेंटने भरावेत तर ओल आत कोंडते आणि मऊ दगडच झिजतो, म्हणून चुनाच वापरायचा, आणि तो पुन्हा पुन्हा. किल्ल्यावर चढलेला विस्टेरियाचा वेल वसंतात जांभळा फुलतो आणि लोक खास तो पाहायला येतात. पण वेलाचं खोड जाडावलं की दगडांमध्ये शिरतं. तो काढून टाकला तर भिंत वाचेल आणि चित्र बिघडेल. ऑक्टोबर 1987च्या वादळाने इथली कित्येक मोठी झाडं पाडली, तेव्हा बुरूज जागच्या जागी होता, तरी देखाव्याची चौकट मोडली. ती नव्याने लावावी लागली, आणि रोप लावतानाच ते पन्नास वर्षांनी नजरेच्या आड येईल का, याचा विचार करावा लागतो.

खंदकाचं दुखणं वेगळं. पाणी संथ असल्याने गाळ आणि पानं तळाशी बसतात. किल्ला जपायचा म्हणजे त्याचं प्रतिबिंबही जपायचं, तेव्हा गाळ साचू देऊन भागत नाही. शिवाय नवं घरही आता पावणेदोनशे वर्षांच्या पुढे गेलं आहे, आणि जुना किल्ला व हे घर दोन्ही वरच्या श्रेणीच्या वारसायादीत आहेत. हसीने एक बाजू अर्धवट पाडली ती स्वतःच्या मर्जीने. आज तिथे वास्तूचं रूप बदलणारं काही करायचं तर आधी सरकारी परवानगी काढावी लागते.