ट्रामचे रूळ कंपनीचे, पण रस्ता कोणाचा?

मुंबईची ट्राम म्हटली की आपल्या मंडळातील ज्येष्ठांना घंटेचा आवाज आठवतो. आम्हाला मात्र या लेखात ट्रामखालच्या रस्त्याविषयी सांगायचे आहे. रस्ता सार्वजनिक, रूळ खासगी कंपनीचे. मग खड्डा पडला तर तो बुजवायचा कोणी? व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये या प्रश्नावर बराच खल झाला.

सुरुवात वाईट झाली. १८६१ मध्ये जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन या अमेरिकन गृहस्थाने लंडनमध्ये घोड्यांची ट्राम सुरू केली. त्याचे रूळ रस्त्याच्या वर उचललेले होते. इतरांच्या बग्ग्यांची चाके त्यांत अडकू लागली, लोक संतापले आणि वर्षभरातच ते रूळ उखडावे लागले.

हा धडा १८७० च्या ट्रामवे कायद्यात उतरला. रुळाचा माथा रस्त्याच्या पातळीतच हवा आणि सरकारी अधिकाऱ्याने पाहणी केल्याशिवाय मार्ग खुला करायचा नाही, असे ठरले. त्याआधी स्थानिक संस्थेची संमती लागे, म्हणजे नको म्हणण्याचा अधिकार नगरपालिकेच्या हाती आला. अरुंद रस्त्यावर रूळ आणि पदपथ यांत साडेनऊ फुटांहून कमी जागा उरत असेल, तर तिथल्या एक तृतीयांश घरमालकांना वा भाडेकरूंना हरकत घेऊन ते काम अडवता येई.

फरसबंदीचे कलम आम्हाला सर्वांत रंजक वाटते. दोन रुळांमधला पट्टा आणि बाहेरच्या रुळांपलीकडे दोन्ही बाजूंना १८ इंच, म्हणजे आपला एक हात, एवढा रस्ता कंपनीने आपल्या खर्चाने दुरुस्त ठेवायचा. कारण साधे होते. गाडी ओढणारे घोडे रुळांच्या मधून चालत आणि त्यांच्या नालांनी तेवढीच जागा झिजे. खडीचा रस्ता तर लगेच उखडे, म्हणून तिथे बहुधा ग्रॅनाइटचे चिरे बसवत. पुढे विजेच्या ट्राम आल्या, घोडे गेले, पण कलम तसेच राहिले. त्याच चिऱ्यांवरून दुसऱ्यांच्या मोटारी आणि बसगाड्या धावू लागल्या, आणि दुरुस्तीचे बिल मात्र ट्रामवाल्यांच्या नावे! कंपन्यांची ही तक्रार आम्हाला तरी रास्त वाटते.

दुसरे कलम अधिक बोचरे होते. २१ वर्षांनी, आणि त्यानंतर दर सात वर्षांनी, स्थानिक संस्थेला तो मार्ग विकत घेण्याचा हक्क होता. किंमत मिळायची ती मालमत्तेच्या ‘त्या वेळच्या मूल्या’ची. त्यात पुढील नफाही धरायचा का? लंडन आणि एडिंबरा येथील कंपन्यांचे वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. १८९४ मध्ये निकाल लागला: रूळ, इमारती, साहित्य यांचेच मूल्य, नफा मोजायचा नाही. मुदत जवळ आली की मग कोणती कंपनी नव्या कामावर पैसा घालेल? त्याच वर्षी ग्लासगो पालिकेने शहरातील ट्रामसेवा स्वतः चालवायला घेतली. हडर्सफील्डने तर ते १८८३ मध्येच केले होते, कारण तिथे भाडेपट्ट्याने चालवायला कोणी पुढेच येईना.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. इथेही पालिकेकडे खरेदीचा हक्क होता, आणि विजेवर ट्राम चालवायची वेळ येताच तोच आडवा आला. एवढे भांडवल घालायचे तर पालिकेने हक्क सोडावा, असे कंपनीने १८९९ मध्ये सुचवले. पालिकेने उलट कंपनीच घ्यायचे ठरवले आणि प्रकरण कायद्याच्या अडचणींत सापडले. अखेर १९०५ मध्ये नवी वीज व ट्रामवे कंपनी आली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. पालिकेच्या ताब्यात हा कारभार आला तो ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी. त्यानंतर सतरा वर्षांच्या आतच, ३१ मार्च १९६४ रोजी, शेवटची ट्राम सुटली.