शब्दकोड्यांतील ‘पान’

पुण्यांतील एखाद्या घरांतली रविवारची सकाळ डोळ्यांपुढें आणा. आजोबा वर्तमानपत्रांतलें शब्दकोडें सोडवीत बसले आहेत. सूचना आहे : ‘उलटल्यावांचून पुढलें कळत नाहीं’, चौकोन दोन. उलटणाऱ्या वस्तु जगांत कांहीं थोड्या नाहींत. गाडी उलटते, नाव उलटते, डावही उलटतो. आणि हे तिन्ही शब्द दोन-दोन अक्षरांचे! आजोबा तिन्ही लिहून पाहतात आणि तिन्ही खोडतात. इतक्यांत स्वयंपाकघरांतून सूनबाईंची हाक येते, “मामंजी, पानें घेतलीं आहेत, उठावं आतां.” आजोबा उठतात खरे, पण पुन्हा कोड्याकडेच वळतात. उत्तर ‘पान’ हेंच होतें.

गंमत अशी कीं, सूनबाईंचें पान निराळें आणि कोड्यांतलें पान निराळें. एकावर भात वाढावयाचा, दुसऱ्यावर मजकूर छापलेला. तरी एकानें दुसऱ्याची आठवण करून दिली. शब्दकोड्याचें मर्म या लहानशा प्रसंगांत सांपडतें.

प्रथम या शब्दाचा संसार पाहूं. संस्कृत ‘पर्ण’, प्राकृत ‘पण्ण’, त्याचें मराठींत झालें ‘पान’. मूळ अर्थ झाडाचें पान. पूर्वी ग्रंथ ताडपत्रावर लिहीत. पुढें कागद आला, छापखाना आला, तरी ग्रंथाच्या पानाचें नांव पानच राहिलें. केळीच्या पानावर जेवीत, म्हणून जेवणाची मांडणी तेंही पान. आज टेबलावर स्टीलचीं ताटें मांडणाऱ्या घरांतही ‘पानें घ्या’ असेंच म्हणतात. नागवेलीच्या पानाचा मान तर असा, कीं नुसतें ‘पान खाल्लें’ म्हटलें तरी ‘कसलें?’ असें कोणी विचारीत नाहीं. पत्त्यांच्या जोडांतलेंही पानच. हा सारा एका मुळाचा विस्तार. परंतु ‘अमृतपान’ यांतील पान या घराण्यांतलें नव्हे. तें ‘पा’ म्हणजे पिणें या धातूपासून आलेलें. ‘पर्ण’ झिजत झिजत त्याच्या रूपास येऊन मिळालें, इतकेंच.

कोडें रचणारा याच संसाराचा उपयोग करतो. शब्दाचा जो अर्थ आपल्या मनांत आधीं उभा राहतो, त्याच्याकडे तो पाठ फिरवितो. ‘शंकरानें हलाहलाचें हें केलें’ अशी सूचना वाचून ‘प्राशन’ सुचतें. पण मराठी कोड्यांत जोडाक्षरासह एक अक्षर एका चौकोनांत बसतें, म्हणून ‘प्राशन’ला तीन चौकोन लागतात. दोनच असतील तर उत्तर ‘पान’.

मराठींत रचणाऱ्यास एक अडचण आहे. ती इंग्रजींत नाहीं. आपलीं सर्वनामें लिंग उघड करतात. ‘हें पिकतें’ असें लिहिलें कीं पुल्लिंगी व स्त्रीलिंगी शब्द एकदम बाद होतात. म्हणून चतुर रचनाकार ‘पिकणें हा याचा धर्म’ असें लिहितो. कारण ‘याचा’ पुल्लिंगी शब्दालाही चालतें व नपुंसकलिंगीलाही. आतां उत्तर ‘पान’ कीं ‘केस’? उतारवयांत केस पिकतात, आणि म्हाताऱ्या माणसालाच आपण पिकलें पान म्हणतों. अर्थानें दोन्ही बरोबर. निवाडा करतो तो उभा शब्द. ‘मुठा ही कोण?’ याचें उत्तर ‘नदी’, आणि तिचा ‘न’ आपल्या दुसऱ्या चौकोनांत आला, तर केस गेला, पान उरलें.

पण असा उभा शब्द नसेल तर? श्रोतेहो, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिला नाहीं. १९१३ सालच्या डिसेंबरांत आर्थर विन याचें पहिलें शब्दकोडें न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रांत छापलें गेलें. पुढें त्याला बक्षिसें लागलीं, प्रवेशशुल्क आलें, आणि आपल्याकडेही त्याचा मोठा व्यापार झाला. अशा कोड्यांत दोन शब्द सारखेच शोभावेत आणि चालकांनीं आधींच ठरविलेल्या उत्तराशीं आपलें जुळावें, असा प्रकार असे. दहा सूचनांना प्रत्येकीं दोन उत्तरें शक्य असलीं, तर सर्व शक्यता भरावयास १,०२४ प्रवेशपत्रिका लागतात ! ‘पान’ लिहिणारा ‘केस’ लिहिणाऱ्याहून अधिक शहाणा नसे. फक्त अधिक सुदैवी असे.

मुंबई प्रांतानें १९३९ सालीं व पुन्हा १९४८ सालीं अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसविले. १९५५ च्या केंद्रीय कायद्यानें महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांना मनाई केली. १९५७ सालीं चमारबागवाला यांच्या शब्दकोड्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं कौशल्यावर मुख्यत्वें न अवलंबणारी अशी स्पर्धा हा जुगार होय. व्यापाराच्या स्वातंत्र्याचें संरक्षण तिला मिळणार नाहीं.

म्हणजे शब्दाला अनेक अर्थ असणें हा दोष नव्हे. ते अर्थ अधांतरीं सोडणें हा दोष. चांगलें कोडें आपल्याला चकवितें, पण उत्तर सांपडल्यावर ‘दुसरें असणें शक्यच नव्हतें’ अशी कबुलीही घेतें. घरीं कोडें सोडवितांना मुलांना एवढेंच विचारावें : हें उत्तर कां, आणि दुसरें कां नाहीं? अडल्यास दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडावा. १९३२ ते १९३८ या काळांत पुण्यांतून त्याचे सात विभाग निघाले. एका शब्दाखालीं किती पिढ्यांचें जेवणखाण, लिहिणें-वाचणें आणि खेळणें सांठलेलें असतें, हें त्यांत दिसेल.

तूर्त आजोबांचें पान निवत आहे. त्यांना जेवूं द्यावें, हें बरें.