अश्-शरीफ अर्-रझी : कवी आणि संग्राहक

अरबी वाङ्मयाच्या इतिहासात अश्-शरीफ अर्-रझी (इ. स. 970–1015) ह्याचे नाव दोन निरनिराळ्या प्रकरणांत येते. काव्याचा इतिहास लिहिणारे त्याला अब्बासी काळाच्या उत्तरार्धातील एक श्रेष्ठ कवी म्हणून ओळखतात. धर्मविचाराचा इतिहास लिहिणारे त्याचा उल्लेख ‘नह्ज अल्-बलागा’ ह्या ग्रंथाचा संग्राहक म्हणून करतात. चौथा खलीफा व शियांचा पहिला इमाम अली इब्न अबी तालिब ह्याची म्हणून मानली गेलेली प्रवचने, पत्रे आणि वचने ह्या ग्रंथात एकत्र केलेली आहेत. ती खरोखर अलीची की संग्राहकाचीच, हा वाद निदान तेराव्या शतकापासून चालू आहे. ह्या वादात उतरणाऱ्यांपैकी पुष्कळांनी रझीच्या धर्मपंथाचा विचार केला, परंतु तो कवी होता ही गोष्ट फारशी हिशेबात घेतली नाही. वास्तविक ग्रंथाची घडण, त्याचे गुण आणि ज्यांच्यामुळे तो संशयास पात्र ठरला ते त्याचे दोष, ह्या तिन्हींचा उगम बव्हंशी तेथेच आहे.

रझीचा जन्म बगदादमध्ये हिजरी 359 मध्ये झाला. त्या वेळी नगरीत दोन सत्ता एकत्र नांदत होत्या. खलीफा अब्बासी व सुन्नी होता. प्रत्यक्ष राज्यसूत्रे मात्र इ. स. 945 पासून बुवैही अमीरांच्या हाती होती, आणि त्यांचा कल शिया पंथाकडे होता. रझीचा पिता अबू अहमद अल्-मूसवी हा सातवा इमाम मूसा अल्-काझिम ह्याच्या वंशातील. अबू तालिबाच्या वंशजांचा ‘नकीब’ म्हणजे अधिकृत प्रमुख, हे पद त्याच्याकडे होते. अशा घराण्याला मान मोठा असे, तसा धोकाही मोठा असे. अझुद् अद्-दौला ह्या बलाढ्य बुवैही अमीराने अबू अहमदाला पकडून फार्समध्ये बंदीत ठेवले, तेव्हा रझीचे वय अवघे दहा वर्षांचे होते. पित्याची सुटका अमीराच्या मृत्यूनंतरच (इ. स. 983) होऊ शकली. रझीच्या आरंभीच्या कवितेत पित्याचा विरह आणि कुलाभिमान हे दोन सूर वारंवार ऐकू येतात. समकालीन संकलनकार सआलिबी म्हणतो की दहा वर्षे पुरी होऊन थोडा काळ लोटतो न लोटतो तोच रझी कविता करू लागला होता. ही केवळ प्रशंसकाची अतिशयोक्ती म्हणून सोडून देण्याचे कारण नाही.

त्याचे शिक्षण एका पंथापुरते मर्यादित नव्हते. इमामी धर्मशास्त्राचे अध्ययन त्याने व त्याचा वडील बंधू अल्-मुर्तझा ह्याने शेख मुफीद ह्या अग्रगण्य आचार्यापाशी केले. व्याकरण आणि भाषाशास्त्र हे विषय मात्र तो इब्न जिन्नीसारख्या श्रेष्ठ भाषाविदांकडे शिकला. वैयाकरण सीराफी ह्याच्याकडील त्याच्या बालपणाची एक कथा चरित्रकार आवडीने सांगतात. अरबी व्याकरणात द्वितीया विभक्तीला ‘नस्ब’ म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अलीविषयीचे वैर असा आहे. उमर ह्या नामाच्या नस्बाचे चिन्ह कोणते, असे गुरूने विचारले तेव्हा मुलाने स्वरचिन्हाचे नाव न सांगता ‘अलीचा द्वेष’ असे उत्तर दिले, आणि वर्गातील मंडळी त्याच्या तल्लखपणाने चकित झाली. सीराफीच्या मृत्युसमयी रझी नऊ वर्षांचा होता हे ध्यानात घेतले तर ही कथा घडली असण्यापेक्षा रचली गेली असण्याचाच संभव अधिक. तरीही ती रचणाऱ्याने रझीची एक खूण अचूक पकडली आहे. एका शब्दाच्या दोन अर्थांमधील अंतर हाच त्याच्या बुद्धीचा आवडता विषय होता.

त्याचा दीवान विस्तृत आहे. स्तुती, आत्मगौरव आणि विलापिका हे रूढ काव्यप्रकार त्यात आहेत. परंतु जाणकारांनी विशेष गौरव केला तो ‘हिजाझिय्यात’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे चाळीस प्रेमकवितांचा. पित्याच्या वतीने हजयात्रेचे नेतृत्व करण्याचा अधिकार रझीकडे आला होता, त्यामुळे मक्केच्या परिसरातील स्थळे त्याच्या प्रत्यक्ष परिचयाची होती. यात्रेत क्षणभर दृष्टीस पडलेली व्यक्ती, मीनामधील मुक्काम, नंतरची पांगापांग आणि मागे उरलेली स्थळांची नावे एवढ्याच सामग्रीवर ह्या कविता उभ्या आहेत. वाळवंटातील जुन्या अरबी प्रेमकाव्याची भाषा त्याने स्वीकारली, पण तिला यात्रेच्या पावित्र्याची व संयमाची चौकट दिली. पुढील कवींनी हे वळण पुष्कळ गिरवले. इजिप्तमधील समीक्षक झकी मुबारक ह्याने विसाव्या शतकात रझीवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला.

त्याच्या विलापिकांपैकी एकीची हकीकत सांगितलीच पाहिजे. अबू इस्हाक अस्-साबी हा राजदरबारातील नामांकित पत्रलेखक, अरबी गद्याचा मान्यवर शिल्पी. धर्माने मात्र तो साबी पंथाचा, म्हणजे मुसलमान नव्हे. वयात जवळजवळ दोन पिढ्यांचे अंतर असूनही रझीशी त्याची गाढ मैत्री होती आणि त्यांचा गद्यपद्य पत्रव्यवहार आजही उपलब्ध आहे. साबी इ. स. 994 मध्ये वारला तेव्हा रझीने त्याच्यावर दीर्घ विलापिका लिहिली. प्रेषिताच्या वंशजाने एका परधर्मीयासाठी शोक करावा ह्याबद्दल लोकांनी त्याला दोष दिला. आपण शोक केला तो त्याच्या गुणांसाठी, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. उक्तीची थोरवी ओळखताना वक्त्याचा धर्म आड येऊ न देणारी ही वृत्ती ‘नह्ज’च्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

राजकारणात मात्र त्याला इतके मोकळेपण परवडणारे नव्हते. खलीफा अत्-ताई ह्याच्यावर त्याचे प्रेम होते, इ. स. 991 मध्ये बहा अद्-दौला ह्या अमीराने त्या खलीफाला पदच्युत केले तो प्रसंग रझीने स्वतः पाहिला, कसाबसा निसटला आणि त्यावर कविताही लिहिली. नव्या खलीफाच्या, अल्-कादिरच्या, काळात एक नाजूक प्रकरण उद्भवले. इजिप्तमध्ये आपल्याच कुळातील खलीफा असताना आपण येथे मानहानी का सोसावी, अशा अर्थाचे काही चरण रझीच्या नावावर फिरू लागले. इजिप्तचे फातिमी खलीफा म्हणजे अब्बासींचे प्रबळ प्रतिस्पर्धी. साहजिकच दरबाराने पित्याकडे जाब विचारला, आणि रझीने ते चरण आपले नव्हेत असे सांगितले. पुढे इ. स. 1011 मध्ये फातिमींची वंशावळ खोटी ठरविणारा जाहीरनामा बगदादमध्ये काढण्यात आला, तेव्हा स्वाक्षरी करणाऱ्यांत मुर्तझा व रझी ह्या दोघा बंधूंची नावे इब्न अल्-असीर देतो. ह्यात मनापासूनचे किती आणि भयापोटी किती हे इतिहासाच्या साधनांवरून ठरविता येत नाही. स्वतःचे चरण नाकारण्याची वेळ ज्याच्यावर आली त्याच कवीवर मरणोत्तर उलटा आरोप झाला, आपले शब्द दुसऱ्याच्या नावे घातल्याचा. दैवाचा हा विनोद कडू खरा.

आता ‘नह्ज अल्-बलागा’कडे वळू. ग्रंथाची जन्मकथा प्रस्तावनेतच आहे. तरुणपणी रझीने इमामांच्या वैशिष्ट्यांवर ‘खसाइस अल्-अइम्मा’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. त्यातील अलीविषयक भागाच्या शेवटी काही छोटी वचने दिली होती. मित्रांना ती इतकी आवडली की अलीच्या सर्व प्रकारच्या उक्तींचा स्वतंत्र संग्रह करण्याचा त्यांनी आग्रह धरला. हे काम हिजरी 400 मध्ये, म्हणजे इ. स. 1010 च्या प्रारंभी पूर्ण झाले. त्याच हिजरी वर्षी त्याचा पिता निवर्तला. आवृत्तीगणिक आकडे थोडे बदलतात. स्थूलमानाने सुमारे 240 प्रवचने, 79 पत्रे व 480 वचने असा ग्रंथाचा विस्तार आहे.

ग्रंथनामातील ‘बलागा’ ह्या शब्दावर सगळी भिस्त आहे. प्रसंगाला शोभणारे, अर्थाला पुरेपूर पोचविणारे उक्तिसौष्ठव असा त्याचा अर्थ. धर्मशास्त्राचा पंडित वचने गोळा करतो तेव्हा तो ‘इस्नाद’, म्हणजे अमुकाकडून अमुकाने ऐकले ही निवेदकांची साखळी, आधी देतो, कारण प्रमाण ठरते ते साखळीवर. रझीने ही साखळी जवळजवळ सर्वत्र गाळली. आपण क्रम पाळलेला नाही, निवडक अंशच घेतले आहेत, पाठभेदांमुळे कोठे पुनरुक्ती झाली आहे, हे तो प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगतो. प्रत्येक विभागाच्या शेवटी त्याने काही पाने कोरी सोडली, पुढे एखादी सुटलेली उक्ती हाती लागली तर ती लिहून घेता यावी म्हणून. लबाड रचनाकार कोरी पाने सोडीत नाही, असे कोणी म्हणेल. तो युक्तिवाद निर्णायक नव्हे. परंतु धर्मविधीचे प्रमाणशास्त्र नव्हे, तर उत्तम उक्तींचा चालू संग्रह सिद्ध करण्याकडे त्याचे लक्ष होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

त्याचे इतर ग्रंथ हेच सांगतात. कुराणातील लाक्षणिक प्रयोगांवर त्याने ‘तल्खीस अल्-बयान’ लिहिला, प्रेषिताच्या वचनांतील तशाच प्रयोगांवर ‘अल्-मजाझात अन्-नबविय्या’ लिहिला. अरबी ‘मजाझ’ म्हणजे आपल्याकडील साहित्यशास्त्रातील लक्षणेच्या प्रांतातील संकल्पना. ‘नह्ज’ ह्या दोहोंच्या पंक्तीला ठेवला म्हणजे योजना उलगडते: ईश्वराची वाणी, प्रेषिताची वाणी आणि अलीची वाणी ह्या तिन्हींकडे तो काव्यज्ञाच्या दृष्टीने पाहत होता. म्हणूनच एखाद्या लहानशा प्रवचनानंतर तो मध्येच थांबतो आणि ह्या वाक्यात एवढे बळ कोठून आले ह्याचे विवेचन करतो.

त्याच्या कसोटीचा उत्तम नमुना 32 व्या प्रवचनाखाली सापडतो. हे भाषण काही लोक मुआवियाचे मानतात, हे तो लपवीत नाही. ते अलीचेच आहे हे ठरविण्यासाठी तो निवेदकांची साखळी पुढे करीत नाही. नवव्या शतकातील थोर गद्यकार जाहिझ ह्याच्या ‘अल्-बयान वत्-तब्यीन’चा हवाला देतो. जाहिझनेही तेथे निर्णय शैलीवरून केला होता. दुसऱ्या एका वचनाखाली तो नमूद करतो की हे वचन प्रेषिताचे म्हणूनच अधिक प्रसिद्ध आहे, काही जण ते अलीकडे लावतात, आणि ह्याची चर्चा आपण ‘मजाझात’मध्ये केली आहे. ह्या दोन टिपा एकत्र वाचल्या म्हणजे संग्राहकाचा प्रांजळपणाही दिसतो आणि त्याच्या पद्धतीची दुर्बलताही. शैली ओळखणारा कान कितीही तयार असला तरी तो साक्षीदाराची जागा घेऊ शकत नाही.

संशयाची नोंद प्रथम ठळकपणे केली ती चरित्रकोशकार इब्न खल्लिकान (मृत्यू इ. स. 1282) ह्याने. ग्रंथ मुर्तझाने जुळविला की रझीने, ह्याविषयी मतभेद आहे, आणि तो अलीचा नसून जुळविणाऱ्याचीच रचना आहे असेही म्हटले जाते, असे तो लिहितो. ह्यांपैकी पहिला प्रश्न आज उरलेला नाही. ‘मजाझात’मध्ये ‘नह्ज’चा आणि ‘नह्ज’मध्ये ‘मजाझात’चा उल्लेख आहे, शिवाय रझीच्या पुढच्याच पिढीतील नजाशी (मृत्यू इ. स. 1058) ह्याने आपल्या ग्रंथसूचीत ‘नह्ज’ रझीच्याच नावे दिला आहे.

दुसऱ्या प्रश्नावर सर्वांत समर्थ उत्तर आले ते एका शिया पंडिताकडून नव्हे, तर मुतझिली इब्न अबी अल्-हदीद ह्याच्याकडून. त्याचे वीस भागांचे भाष्य मंगोलांनी बगदाद घेण्यापूर्वी थोडी वर्षे पूर्ण झाले. सर्वाधिक वादग्रस्त असे ‘शिक्शिकिय्या’ प्रवचन रझीच्या जन्मापूर्वी होऊन गेलेल्या अबू अल्-कासिम अल्-बल्खी ह्याच्या ग्रंथांत आपण पाहिले, असे तो सांगतो. हा पुरावा वजनदार आहे. त्याचा दुसरा मुद्दा शैलीचा: ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत एकाच घडणीचा आहे, तेव्हा काही भाग खरा मानला की सर्वच खरा मानावा लागेल. येथे भाष्यकार थोडा घसरतो. एकाच रसिकाने हजारो उक्तींतून आपल्या रुचीनुसार निवड केली तर निवडलेल्या उक्तींत एकजिनसीपणा येणारच. तो वक्त्याचा असू शकेल तसा निवडणाऱ्याचाही असू शकेल.

आधुनिक संशोधनाने म्हणूनच समग्र ग्रंथाचा निकाल एका वाक्यात देण्याचा मार्ग सोडून एकेका उताऱ्याचा माग काढण्यास सुरुवात केली. ह्या कामात रामपूरच्या रझा ग्रंथालयाचे ग्रंथपाल इम्तियाझ अली अर्शी ह्यांचा वाटा महत्त्वाचा आहे. ‘नह्ज’मधील किती मजकूर रझीपूर्व ग्रंथांत मिळतो हे त्यांनी परिश्रमपूर्वक दाखवून दिले. नस्र इब्न मुझाहिमचा सिफ्फीनच्या युद्धावरील ग्रंथ, जाहिझ, मुबर्रद, तबरी अशा लेखकांत बराच मजकूर आढळतो. काहींचे मूळ मात्र हाती लागत नाही. रझीच्या काळी बगदादच्या कर्ख भागात वझीर शापूर इब्न अर्दशीर ह्याने स्थापिलेले ग्रंथालय होते, त्यात दहा हजारांहून अधिक ग्रंथ होते. सेल्जुक तुर्कांच्या आगमनानंतरच्या धामधुमीत, अकराव्या शतकाच्या मध्यास, ते जळाले. तेव्हा मूळ न सापडणे हा बनावटीचा पुरावा होत नाही. त्याचबरोबर, एखादा उतारा नवव्या शतकात लिहिलेला होता एवढे सिद्ध झाल्याने तो सातव्या शतकात उच्चारला गेला हेही सिद्ध होत नाही. रझीवरील आरोप फेटाळणे आणि अलीचे कर्तृत्व प्रस्थापित करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले बरेच पुढे गेले आहे.

रझी 1015 च्या जूनमध्ये वारला, तेव्हा त्याने वयाची शेहेचाळीस वर्षेही पुरी केली नव्हती. मुर्तझाला भावाची प्रेतयात्रा पाहवेना. तो आपल्या पूर्वजाच्या, मूसा अल्-काझिमच्या, समाधिस्थानी जाऊन बसला, आणि अंत्यप्रार्थना वझीर फख्र अल्-मुल्क ह्याने केली. ‘नह्ज’मधील कोऱ्या पानांपैकी किती भरली गेली आणि किती तशीच राहिली हे प्राचीन हस्तलिखितांच्या तौलनिक अभ्यासानेच कळू शकेल.