तमालपत्राचा वृक्ष कसा ओळखावा?

मसाल्याच्या डब्यातील तमालपत्र सर्वांच्या परिचयाचे असते. मात्र ज्या वृक्षाचे ते पान, तो वृक्ष उभा असताना अचूक ओळखणारे थोडेच आढळतात. लागवडीसाठी रोपे निवडताना ही उणीव महागात पडते. या वृक्षाची नियमित पानतोडणी साधारणतः 8 ते 10 वर्षांनी सुरू होत असल्याने निवडीतील चूक फार उशिरा लक्षात येते. रानातून पाने गोळा करताना तर ओळखीची चूक जीवावरही बेतू शकते.

मूळ स्थान आणि नावांचा गोंधळ

तमालपत्राचा वृक्ष, म्हणजेच सिन्नामोमम तमाला, लॉरेसी कुलातील असून हिमालयाच्या उष्ण व समशीतोष्ण उतारांवर आणि ईशान्य भारतात नैसर्गिकरीत्या वाढतो. मेघालयातील खासी व जैंतिया टेकड्यांत त्याची परंपरागत लागवड आहे. 'उत्तराखंड तेजपात' या नावाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोकणात मात्र दालचिनीची (सिन्नामोमम व्हेरम) पानेही तमालपत्र म्हणूनच वापरली जातात. 'कोकण तेज' ही दालचिनीची जात आहे, तेजपाताची नव्हे, हेही रोपे मागविताना ध्यानात ठेवावे.

वनस्पतिशास्त्रीय लक्षणे

हा मध्यम उंचीचा, सदाहरित वृक्ष आहे. कोवळी पालवी गुलाबी-तांबूस असते आणि जून होताना ती हिरवी व चकचकीत होते. पाने चामट, लांबट-भालाकार, बहुधा 10 ते 15 सेंमी लांब आणि टोकाशी निमुळती असतात. त्यांची मांडणी काटेकोर समोरासमोर नसते. एकाच फांदीवर काही पाने जवळजवळ समोरासमोर, तर काही एकाआड एक दिसतात.

सर्वांत उपयुक्त खूण म्हणजे शिरा. पानाच्या तळापासून किंवा त्याच्या किंचित वरून तीन ठळक शिरा निघतात आणि जवळजवळ टोकापर्यंत जातात. पान चुरगळताच लवंग-दालचिनीसारखा गंध येतो.

फुले लहान, फिकट पिवळसर असून सैल फुलोऱ्यात येतात. परिदले 6 व कार्यक्षम पुंकेसर 9 असतात. परागकोश उभे चिरत नाहीत. सूक्ष्म झडपा वर उचलल्या जाऊन ते उघडतात. ही लॉरेसी कुलाची खात्रीची खूण असून साध्या भिंगातूनही ती पाहता येते. फळ लंबगोल, गरयुक्त व एकबीजी असते. पिकल्यावर ते काळे होते आणि परिदलांच्या तळापासून बनलेल्या पेल्यात बसलेले दिसते.

सारखे दिसणारे वृक्ष

1. दालचिनी : पाने अधिक रुंद, अंडाकृती, बहुधा समोरासमोर, शिरा 3 ते 5. पानांना लवंगेसारखा वास येतो. तेजपाताच्या निरनिराळ्या झाडांतही गंध बदलतो. काहींत युजेनॉल, तर काहींत सिन्नामाल्डिहाइड अधिक असते. त्यामुळे केवळ वासावरून हे दोन वृक्ष वेगळे करता येत नाहीत.

2. कापूर : पाने एकाआड एक, वास स्पष्टपणे कापराचा. शिरांच्या बेचक्यांत बारीक फुगीर ग्रंथी असतात.

3. भूमध्य प्रदेशातील बे लॉरेल : पानात एकच मध्यशीर आणि तिच्यापासून पिसासारख्या फुटलेल्या उपशिरा. बाजारातील सुक्या पानांतही हा फरक दिसतो.

4. काजरा (कुचला) : सर्वांत धोकादायक साम्य याच वृक्षाचे आहे. कोकणात व सह्याद्रीत आढळणाऱ्या या वृक्षाची पानेही चकचकीत असून तळाजवळून निघणाऱ्या 3 ते 5 शिरांची असतात. परंतु ती रुंद, समोरासमोर आणि सुगंधरहित असतात. फळ गोल व पिकल्यावर नारिंगी. बिया चपट्या, नाण्यासारख्या. बियांत स्ट्रिक्नीन व ब्रुसीन ही तीव्र विषे असतात आणि पानेही विषारी असतात. म्हणून अनोळखी पान कधीही चाखून पाहू नये. चुरगळून वास घ्यावा आणि गंध नसल्यास ते टाकून द्यावे.

कीटकांची साक्ष

कॉमन ब्लूबॉटल व कॉमन माइम या फुलपाखरांच्या माद्या मुख्यतः लॉरेसी कुलातील वृक्षांच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतात. पहिल्याची अळी हिरवी, डोक्यामागे फुगीर आणि त्या फुगवट्यावर आडवी पिवळी रेघ असलेली. दुसऱ्याची गडद रंगाची, पिवळे पट्टे व लाल ठिपके असलेली. कॉमन माइमचा कोष तर तुटलेल्या वाळक्या काडीसारखा दिसतो. पालवीवर या अळ्या आढळल्यास वृक्ष लॉरेसी कुलातील असण्याची शक्यता बळावते. जाती मात्र शिरा व फुलांवरूनच ठरवावी. रोपवाटिकेत याच अळ्या कोवळी पाने खाऊन रोपांची वाढ रोखतात. पालवी येण्याच्या काळात नियमित पाहणी करून त्या हाताने वेचाव्यात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

ओळख एका खुणेवर ठरवू नये. प्रथम शिरा, मग पानांची मांडणी, त्यानंतर गंध आणि शेवटी फूल किंवा फळ, असा क्रम ठेवावा. फुलोऱ्याच्या काळातच मातृवृक्ष निश्चित करून त्यावर खूण करावी. बियांची उगवणक्षमता लवकर घटते. म्हणून पिकलेल्या फळांचा गर काढून बी ताजे असतानाच पेरावे. शंका राहिल्यास फुले किंवा फळे असलेली फांदी दाबून वाळवावी आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे, डेहराडून किंवा शिलाँग येथील जवळच्या केंद्राकडून तिची ओळख पक्की करून घ्यावी. लागवडीपूर्वी घेतलेली ही खबरदारी पुढील दशकभराचे श्रम वाचवते.