टाटा मोबाईलची दुसरी पाळी

१९८८ साली टाटांच्या टेल्को कंपनीने पुण्यात घडवलेली टाटा मोबाईल २०६ बाजारात आणली, तेव्हा आपल्याकडे लहान पिकअप हा प्रकार फारसा माहीतच नव्हता. माल न्यायचा तर बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, तीनचाकी टेम्पो किंवा मॅटाडोर. त्याहून मोठा असेल तर ट्रक. दोन वर्षं आधी आलेली टेल्कोचीच ४०७ ही ट्रकच्याच घराण्यातली. ही नवी गाडी मात्र पुढून मोटारीच्या तोंडवळ्याची, मागे हौदा. १९४८ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाच गिअर, भक्कम चासी, मागच्या बाजूला पाटे. याच पायावर टेल्कोने १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये इस्टेट उभी केली. सिएराच्या आठवणीने हळहळणारे आजही पुष्कळ भेटतात. ती ज्या गाडीच्या पायावर उभी होती, तिचं नाव मात्र क्वचितच कुणी काढतं. हा अन्याय मला फार वर्षं सलत आला आणि त्यातूनच जुनी टाटा मोबाईल उभी करण्याचा नाद लागला.

आमच्या नगर जिल्ह्यात ही गाडी आणि तिच्या पाठची २०७ कुठे कुठे राबली, ते आठवायला बसलं की अख्खा नकाशा डोळ्यांपुढे येतो. पहाटे संगमनेर, राहुरीकडे दुधाचे कॅन, पारनेरचा कांदा नगरच्या आणि घोडेगावच्या बाजारात, अकोले तालुक्यातले टोमॅटो, लोणीच्या बाजाराला निघालेल्या शेळ्या, आणि लग्नसराईत त्याच हौद्यात मंडपाचे बांबू, वाजंत्री आणि अर्धं वऱ्हाड. कंपनीने दिलेल्या रूपात फार दिवस राहिलेली गाडी मी क्वचितच पाहिली. घरी आली की आधी मागे एकेक पाटा वाढायचा. मग लोखंडी अँगल जोडून बाजूचे फाळके उंच व्हायचे, ताडपत्रीसाठी पाइपच्या कमानी, दोर अडकवायला कड्या, केबिनवर कॅरिअर, काचेवर देवाचं नाव. आज ज्याला हौसेने मॉडिफिकेशन म्हणतात, ते इथल्या वेल्डिंगच्या दुकानांत गरज म्हणून सर्रास होत होतं.

आणि ते नगरमध्ये व्हावं याला कारण आहे. गाड्यांची जाण या शहराच्या हाडीमाशी आहे. लष्कराच्या वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई मुळात १९२९ ची, आज पाकिस्तानात असलेल्या चकलाल्याची. फाळणीच्या वर्षी, १९४७ मध्ये, ती नगरला आली आणि आज तिचा पत्ताच वाहननगर आहे. फिरोदिया घराणं नगरचं. १९७२ मध्ये आलेली त्यांच्या कायनेटिकची लुना नगरच्या कारखान्यात तयार होत असे. अशा गावात लेथवर बसणारा, गिअरचा दात हाताने चाचपून सांगणारा माणूस सापडतो. जुनी गाडी उभी करणाऱ्याला पैशांपेक्षा अशा माणसांचीच गरज जास्त असते.

माझी गाडी पाथर्डीकडच्या एका वस्तीवर बाभळीखाली उभी होती. केबिनच्या तळाचा पत्रा गेलेला, दारांच्या खालच्या कडा गंजलेल्या, हौद्यात कडबा. चासी मात्र सरळ होती, आणि पिकअप घेताना पाहायची ती हीच गोष्ट. पत्रा नवा बसवता येतो, रंग देता येतो. पण ओझ्याने वाकलेली चासी किंवा पाट्यांच्या हँगरजवळ गेलेला तडा कितीही वेल्डिंग केलं तरी मनातून जात नाही. इंजिन उघडलं, बोअरिंग केलं, पिस्टन आणि रिंगा बदलल्या, नोझल आणि डिझेल पंप कॅलिब्रेशनला दिले. हे जुन्या पद्धतीचं, आधी छोट्या कोठीत डिझेल पेटवणारं इंजिन. थंडीत हीटर प्लग तापल्याशिवाय ते बोलत नाही, पण एकदा लागलं की आवाज मऊ.

सुटे भाग मिळाले ते सुमोच्या कृपेने. १९९४ मध्ये आलेल्या सुमोत सुरुवातीला हेच १९४८ सीसीचं इंजिन होतं, आणि सुमो गावोगाव वडाप म्हणून धावल्या. त्यामुळे पिकअपचं उत्पादन बंद झालं तरी तिच्या इंजिनाचे भाग दुकानांच्या फळ्यांवर टिकून राहिले. केबिनचं तसं नाही. दाराच्या रबरी पट्ट्या, काचेच्या खाचा, डॅशबोर्ड यांच्यासाठी भंगारवाल्यांकडेच फिरावं लागतं.

इंजिन उघडणाऱ्या मेस्त्रींचा आग्रह होता की २०७ डीआयचं २९५६ सीसीचं इंजिन बसवावं. ओढ जास्त, भाग सहज मिळणारे. मी ते टाळलं. एक तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडी उत्पादकाच्या मूळ आराखड्याविरुद्ध बदलायला चाप लावला. पण कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. मूळ इंजिनाशिवाय ती १९८८ची गाडी राहतच नाही.

मग आधीच्या मालकाने वाढवलेल्या फाळक्यांचं काय, हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळत राहिला. नगरच्या रणगाडा संग्रहालयात, १९९४ मध्ये सुरू झालेल्या त्या आवारात, रोल्स-रॉइसची चिलखती गाडी उभी आहे. लष्कराची गाडी ज्या रूपात लढली त्या रूपात जपायची, हे तिथे सरळ आहे. पिकअपचं रूप कोणतं? कारखान्यातून निघालं ते, की तालुक्याने घडवलं ते? वाढवलेले पाटे मी काढले, कारण रिकाम्या गाडीत पाठीचा खुळखुळा होतो. वाढवलेले फाळकेही उतरवले; ते पासिंगच्या वेळी अडचणीचे होते. पण दोराच्या कड्या, कॅनच्या कडांनी हौद्याच्या पत्र्याला पाडलेले पोचे आणि कुण्या वेल्डरने मागच्या फाळक्याला मारलेलं जाड ठिगळ हे सगळं तसंच ठेवलं, नुसता गंज काढून वरून रंग दिला. पुट्टी भरून गुळगुळीत केलेला हौदा मला खोटा वाटतो. त्या पोच्यांतच तिने वाहिलेलं दूध आहे. सुरक्षेच्या बाबतीत मात्र जुन्याचा हट्ट धरला नाही: नवे सीटबेल्ट, ब्रेकचं सगळं सामान नवं, चांगले दिवे.

२००५ मध्ये छोटा हत्ती आला, मग बोलेरो पिकअप रस्ताभर दिसू लागली, आणि जुन्या टाटा मोबाईल झपाट्याने कापल्या गेल्या. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस काढावी लागते. हौशी माणूस एवढे हेलपाटे घालतो, धंदेवाला गाडी भंगारात देतो. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली, पण तिला पन्नास वर्षांचं वय लागतं आणि गाडी खाजगी वापराची असावी लागते. पहिली २०६ पन्नाशीला येईल २०३८ मध्ये, आणि मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीला तेव्हाही दार बंदच असेल. शेतीमालाची वाहतूक ज्यांनी बदलली त्या गाड्यांना या नियमात जागा हवी, आणि ती मागणी अहिल्यानगर झालेल्या या नगरमधून उठायला हवी.

सध्या श्रीरामपूरकडे एक जोडकेबिनची २०७ पाहून ठेवली आहे. चासीवर गंज आहे, पण हँगरजवळ तडा नाही. मालकाला ऊस तुटल्यावर भेटायचं ठरलं आहे.